लघुपट आणि ओळखीचा प्रेक्षक

१

लघुपटाचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन दृष्टींनी होत आला आहे. एका दृष्टीने तो मोठ्या चित्रपटाची पूर्वतयारी ठरतो. नवोदित दिग्दर्शकाने हात बसविण्यासाठी करावयाचा सराव एवढेच त्याचे मोल. दुसऱ्या दृष्टीने तो प्रबोधनाचे साधन ठरतो. व्यसनमुक्ती, मुलींचे शिक्षण, पाण्याची बचत असा एखादा विषय घेऊन पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षकाला चांगले वळण लावावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. या दोन्ही दृष्टींत लघुपटाला स्वतःचे प्रयोजन उरत नाही. एकतर तो पुढे होणाऱ्या कशाची तरी पायरी असतो, किंवा आधीच ठरलेल्या कशाचे तरी वाहन असतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एक कलाप्रकार म्हणून करावयाचा आहे, आणि तोही एका विशिष्ट परिस्थितीत. जो लघुपट ज्या गावात घडला त्याच गावात, त्याच माणसांपुढे दाखविला जातो, त्याची परीक्षा कोणत्या निकषावर करावी, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच उभा राहण्याचे कारण उघड आहे. कॅमेरा आता कोणाच्याही खिशात असतो आणि संकलन घरच्या संगणकावर होते. त्यामुळे चित्रपट करण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. शाळेच्या सभागृहात, तरुण मंडळाच्या पटांगणात किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गात पडदा बांधून परिसरातील तरुणांचे लघुपट दाखविण्याचे उपक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होऊ लागले आहेत. अशा ठिकाणी जमणारा प्रेक्षक चित्रपटगृहातील प्रेक्षकाहून वेगळा असतो. पडद्यावरचा बाप हा त्याच्या गल्लीतला शिंपी असतो, पडद्यावरची विहीर त्याच्या चुलत्याची असते, आणि नायिकेच्या अंगावरची साडी कोणाच्या घरून मागून आणली हेही निदान चार जणींना ठाऊक असते.

हातकणंगले तालुक्याचे उदाहरण घेऊ. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचा हा तालुका. एका बाजूस पंचगंगा आणि दुसऱ्या बाजूस वारणा. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदीकाम व्यवसाय, कुंभोजजवळचे बाहुबलीचे क्षेत्र, पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आणि चहूकडे ऊस, असा हा एकाच तालुक्यात सामावलेला विविध व्यवसायांचा मुलूख. येथे यंत्रमागावर लघुपट करणाऱ्या तरुणापुढे बसलेल्या प्रेक्षकांत वहिफणी करणारे असतील, कांड्या भरणाऱ्या बाया असतील, आणि तुटलेला धागा चालत्या मागावर किती वेळात जोडावा लागतो हे हातांनीच जाणणारी माणसे असतील. अशा प्रेक्षकाला आपण या लेखापुरते ‘ओळखीचा प्रेक्षक’ म्हणू. हा प्रेक्षक कलास्वादास पात्र आहे की त्याची ओळखच त्याच्या आस्वादाच्या आड येते?

२

या प्रश्नाचे शास्त्रीय स्वरूप आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. अभिनवगुप्ताने रससूत्रावरील विवेचनात रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली दोन येथे प्रस्तुत आहेत. पहिले विघ्न संभावनाविरहाचे; पुढे जे चालले आहे ते संभवनीयच वाटत नसेल तर प्रेक्षकाचे चित्त त्यात विसावणार नाही. दुसरे विघ्न स्वगत-परगत देशकालविशेषाच्या आवेशाचे. हे दुःख माझे, हे शेजाऱ्याचे, हे अमक्या गावचे, तमक्या वर्षीचे, अशा विशिष्टात मन गुंतले की साधारणीकरण घडत नाही आणि रसास्वादाऐवजी लौकिक सुखदुःख उरते.

दुसऱ्या विघ्नाचा विचार करता गावातला प्रेक्षक हा सर्वांत प्रतिकूल प्रेक्षक ठरतो. पडद्यावर ओळखीचा चेहरा दिसताच हशा पिकतो, टाळ्या पडतात, नावाने हाका मारल्या जातात. करुण प्रसंगीही हा हशा थांबत नाही. दूरच्या शहरातील महोत्सवात बसलेल्या परीक्षकापुढे ही अडचण नसते. त्याला तो शिंपी शिंपी म्हणून ठाऊकच नाही. त्याच्या लेखी तो केवळ एक बाप असतो. यावरून असे अनुमान निघेल की गावचा लघुपट गावाबाहेरच नीट पाहिला जातो. गावोगावच्या तरुण दिग्दर्शकांची दृष्टी पुरस्काराच्या महोत्सवांकडे लागलेली असते, तिला या अनुमानाने एक प्रकारचे समर्थनही मिळते.

परंतु पहिल्या विघ्नाकडे वळले की चित्र उलटते. संभवनीय काय आणि असंभवनीय काय हे ज्याला त्या जीवनाची माहिती आहे त्यालाच कळते. यंत्रमागाच्या खोलीत दोन कामगार कुजबुजत बोलताना दाखविले, तर शहरातील परीक्षकाला त्यात काही वावगे दिसणार नाही. माग चालू असताना कुजबूज ऐकू येऊच शकत नाही हे इचलकरंजीच्या प्रेक्षकाला तत्क्षणी खटकेल. कोल्हापूरकडील घरातील पोरगी ‘मी येते’ म्हणाली तर पुण्यातील प्रेक्षकास ते शुद्ध वाटेल. आपल्याकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात हे जाणणाऱ्या प्रेक्षकाला ती पोरगी तेथेच परकी होते. म्हणजे ज्या ओळखीमुळे दुसरे विघ्न ओढवते, तीच ओळख पहिल्या विघ्नाविरुद्ध पहारा करते. परका प्रेक्षक सहज विरघळतो, पण तो सहज फसतोही. ओळखीचा प्रेक्षक सहज विरघळत नाही, पण त्याला फसविताही येत नाही.

या विघ्नांवरचे उपायही अभिनवगुप्ताने सांगितले आहेत. पहिल्या विघ्नासाठी लोकसामान्य विषयाची निवड. दुसऱ्यासाठी पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाचे नटत्व झाकणारी मुकुटादी वेषभूषा. प्रस्तावनेत प्रेक्षक नटाला नट म्हणून पाहतो; मग मुकुट चढतो, नटाची व्यक्तिगत ओळख झाकली जाते, आणि जे उरते ते कोणा एकाचे राहत नाही. गावच्या लघुपटाची खरी अडचण येथे आहे. त्यातील नटाच्या मस्तकावर मुकुट नाही. तो स्वतःच्या सदऱ्यात, स्वतःच्या दारात, स्वतःच्या बोलीत उभा आहे. मग त्याची ओळख झाकणार कशाने?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की चांगल्या लघुपटात हे कार्य एखादी साधी, रोजच्या वापरातील वस्तू करते. ती वस्तू सर्वांच्या ओळखीची असते, पण कथेच्या ओघात तिच्यावर इतका भार येतो की प्रेक्षकाची नजर ‘हा कोण’ या प्रश्नावरून ‘याचे आता काय होणार’ या प्रश्नाकडे वळते. मुकुट चेहरा झाकतो; ही वस्तू चेहऱ्यावरची नजर काढून घेते. ओळख पुसली जात नाही, ती ओलांडली जाते. ज्या लघुपटाला हे साधत नाही तो दोन ठिकाणी अडकतो. एकतर ओळखीपाशीच थांबून तो गावाच्या छायाचित्रांचा संग्रह होतो. किंवा ओळखीच्या वाटेने न जाताच तो थेट उपदेशाकडे उडी घेतो.

३

हा पेच मराठीला नवा नाही. लघुकथेच्या इतिहासात तो एकदा येऊन गेला आहे. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथालेखनाच्या तंत्राची जी मांडणी केली, तिचा प्रभाव मराठी कथेवर दीर्घकाळ राहिला. गुंतागुंत, उत्कंठा आणि अखेरची कलाटणी यांवर कथेची बांधणी उभी राहिली. पुढे चाळिशीच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने या बांधणीला धक्का दिला. कथा कलाटणीसाठी नसून अनुभवाच्या एका जिवंत अंशासाठी आहे, हे तिने लेखनातूनच सिद्ध केले. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहात कथानक म्हणावे असे थोडेच आहे. तरीही त्यातील माणसे माणदेशाबाहेरच्या वाचकाला परकी वाटली नाहीत.

हातकणंगले तालुक्याच्या दृष्टीने या परंपरेतील महत्त्वाचे नाव शंकर पाटील यांचे. त्यांचा जन्म १९२६ साली पट्टणकोडोलीस झाला. त्यांच्या कथेतील विनोद गावाला हसत नाही; तो गावातूनच उगवतो. बोलीचा उपयोग त्यांनी रंगत आणण्यापुरता केला नाही, पात्राचा विचारच त्या बोलीत चालतो. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाच्या लेखनातून त्यांचा चित्रसृष्टीशीही संबंध आला. ग्रामीण अनुभव, बोली आणि पडदा यांचा मेळ कसा घालावा हे शिकण्यासाठी या तालुक्यातील तरुण दिग्दर्शकाला दूर जाण्याचे कारण नाही. दुर्दैवाने आजचा गावोगावचा लघुपट पुष्कळदा नवकथेच्या अलीकडेच रेंगाळलेला दिसतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कलाटणी, आणि कलाटणीनंतर पडद्यावर उमटणारे उपदेशाचे वाक्य, ही त्याची ठरीव घडण. साहित्याने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे ओझे उतरवून ठेवले, ते दृश्यमाध्यमाने पुन्हा खांद्यावर घेतले आहे.

चित्रपटाच्या इतिहासाकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून दाखविली. आपल्या चित्रपटाचा आरंभच असा छोट्या चित्रांनी झाला, आणि त्या चित्रांत उपदेश नव्हता. एका वस्तूकडे वा क्रियेकडे खिळून पाहणे होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या द्वारे ‘सावकारी पाश’ (१९२५) केला, तेव्हा पौराणिक मुकुट उतरवून साधा शेतकरी पडद्यावर आला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. नटाच्या डोक्यावरून मुकुट गेला की काय करावे, हा आजच्या लघुपटापुढचा प्रश्न कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वी प्रथम हाताळला, असे म्हणण्यास हरकत नाही.

४

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. येथे निवडलेले लघुपट पुरस्कारप्राप्त आणि सर्वपरिचित आहेत. गावोगावच्या अनाम लघुपटांना हेच नमुने डोळ्यांपुढे असतात, म्हणून त्यांची परीक्षा प्रथम करणे योग्य.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून फुटून निघालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. प्रभातच्याच वास्तूत १९६० साली शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे शिकलेल्या उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट आपल्या प्रतिपादनाचे चोख उदाहरण आहे. उपजीविकेसाठी आई घरात पिठाची गिरणी घेते. मुलाला आरंभी तिचे अप्रूप वाटते. पुढे तिची घरघर, दळणाची ने-आण आणि सोबत्यांची टवाळी यांनी तो त्रासून जातो, आणि त्याचा राग अखेर त्या यंत्रावर निघतो. आई दुष्ट नाही, मुलगा कृतघ्न नाही, सोबतीही केवळ पोरे आहेत. संघर्ष कोणा खलपुरुषाशी नाही. घराला अन्न देणारी वस्तूच घरातील शांतता खाते. गिरणीचा आवाज हे या लघुपटाचे कथानकच होय. पिठाची गिरणी ज्याच्या परिचयाची आहे अशा प्रत्येक प्रेक्षकाला ही वस्तू आपली वाटते आणि तरीही ती त्याच्या गल्लीतील अमुक एक गिरणी राहत नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) याच्या पुढे एक पाऊल जातो. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे मंजुळे तेव्हाच्या अहमदनगर येथे संज्ञापनाचे शिक्षण घेत होते. ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बिगर-कथाचित्र विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या कृतीचा सन्मान या लघुपटास मिळाला. शाळेची ओढ असलेल्या मुलाला दारिद्र्य आणि जमातीवर लादलेले जिणे चोरीकडे ढकलते. शाळा ही येथील वस्तू; पण ती बाहेरून पाहिलेली, हाती न येणारी. मुलाच्या नावातच शस्त्र दडलेले आहे, आणि हे नाव त्याने स्वतः घेतलेले नाही. ज्याला समाजाने आधीच ‘ओळखून’ ठेवले आहे अशा मुलाची ही कथा आहे. म्हणून ओळख या कल्पनेचीच दुसरी, काळी बाजू येथे दिसते. गाव ज्याला ओळखतो म्हणतो, त्याला तो पाहतोच असे नाही.

‘पावसाचा निबंध’ (२०१७) हा मंजुळे यांचा लघुपट माझ्या मते या प्रकारातील सर्वांत परिपक्व कृती होय. ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला बिगर-कथाचित्र विभागातील दिग्दर्शनाचा आणि स्थलध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. डोंगराळ रानातील शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहावयास सांगितले जाते; आणि घरी पाऊस कोसळत असतो, छप्पर गळत असते, बाप दारूच्या अंमलात असतो. आपल्या शाळांतून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे. त्यातील हिरवे गालिचे, खळाळणारे झरे आणि नाचणारे मोर ही एक ठरीव भाषा आहे. या भाषेत त्या मुलाच्या घराचा पाऊस बसत नाही. लघुपट हे विधान कोठेही शब्दांत करीत नाही. ते काम पावसाचा आवाज करतो. तो इतका अखंड आणि इतका जड आहे की निबंधाची भाषा त्याखाली आपोआप बुडून जाते. ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार हा येथे तांत्रिक गौरव नव्हे. तो आशयाचा गौरव आहे.

या कृतीत गावोगावच्या लघुपटांवरील एक मार्मिक टीकाही अनायासे सामावली आहे. आपल्याकडील बरेच लघुपट म्हणजे गुरुजींना अपेक्षित असलेले निबंधच असतात. विषय दिलेला असतो, सुरुवात ठरलेली असते, शेवटी बोध असतो. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरावर कोसळणारा पाऊस त्यांत येत नाही. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली पंचगंगेच्या महापुराने या परिसरातील गावे पाण्याखाली गेली. ज्यांनी ते पाणी उंबऱ्याशी चढताना पाहिले त्यांना ‘पर्यावरणाचे रक्षण करा’ हे अखेरचे वाक्य लिहिण्याची गरज नाही. दारातून न निघणारे जनावर, भिंतीवर उरलेली चिखलाची रेघ, वाळत घातलेली कागदपत्रे, यांपैकी एका वस्तूकडे पंधरा मिनिटे स्थिर नजरेने पाहता आले तरी पुरे आहे.

राज प्रीतम मोरे यांचा ‘खिसा’ हा लघुपट ६७व्या पुरस्कारांत पहिल्या कृतीच्या सन्मानास पात्र ठरला. खेड्यातील मुलगा शाळेच्या सदऱ्याला मोठा खिसा शिवून घेतो आणि आपली सारी मालमत्ता त्यात ठेवू पाहतो. गावातील मोठ्यांना मात्र तो खिसा वेगळाच दिसू लागतो. वस्तूवर अर्थ चढतो कसा, आणि तो चढविणारे कोण असतात, हाच या कृतीचा विषय आहे. मुलाच्या लेखी खिसा हा खिसाच आहे. अर्थाचा भार मोठ्यांनी आणलेला. वस्तूला प्रतीक करण्याची घाई ही कलावंताची असते तशी समाजाचीही असते, आणि समाजाच्या हाती ती घातक ठरू शकते, हे ‘खिसा’ दाखवितो.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. उल्लेखिलेल्या चारही कृतींच्या केंद्रस्थानी लहान मुलगा आहे. मुलाची इच्छा साधी असते, तिच्या आड येणारे जग चटकन दिसते, आणि मुलाच्या दुःखाला कोणीही प्रेक्षक विरोध करीत नाही; थोड्या अवधीत मोठा परिणाम साधण्यास ही सोय उत्तम. परंतु सोयीचे रूढीत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. शाळेत जाऊ इच्छिणारा, खेळण्यासाठी झुरणारा, अखेर डोळे भरून कॅमेऱ्याकडे पाहणारा मुलगा आज लघुपटांतील सर्वांत वापरून गुळगुळीत झालेले पात्र आहे. मंजुळे वा कुलकर्णी यांचा त्यात दोष नाही. अनुकरण करणाऱ्यांनी मूल घेतले आणि गिरणी, पाऊस, खिसा मागे ठेवले. मुलाच्या निरागसतेआड मोठ्या माणसांचे गुंतागुंतीचे व्यवहार लपविता येतात, हेही या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

म्हणूनच शेखर बापू रणखांबे यांच्या ‘रेखा’ या लघुपटाचे महत्त्व विशेष आहे. ६९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. रस्त्याच्या कडेला संसार मांडलेल्या रेखाला त्वचेचा विकार जडला आहे. आंघोळ करून औषध लावावे असा सल्ला तिला मिळतो. पण आंघोळीलाच नवऱ्याची आडकाठी आहे. आणि आपल्यातील बायका आंघोळ का करीत नाहीत याचे कारण कळते तेव्हा ती हादरून जाते. बादलीभर पाणी ही येथील वस्तू. स्वच्छतेविषयीचे सारे प्रबोधन या एका बादलीपाशी निरुत्तर होते. कारण येथे मळ हे अज्ञान नाही, तो आश्रय आहे. प्रबोधनाचा विषय घेऊन प्रबोधनाच्या पलीकडे जाणे म्हणजे काय, याचा हा पाठ गिरविण्याजोगा आहे. केंद्रस्थानी प्रौढ स्त्री आली की लघुपटाला निरागसतेचा आडोसा उरत नाही, हेही येथे दिसून येते.

अनुबोधपटाची स्थिती याहून कठीण. तेथे नट नाहीच, म्हणून झाकण्याचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरचे सचिन बाळासाहेब सूर्यवंशी यांनी ‘द सॉकर सिटी’ या अनुबोधपटात शहराचे फुटबॉलवेड टिपले, आणि ‘वारसा’ या अनुबोधपटात मर्दानी खेळांची परंपरा. ‘वारसा’ला ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कला व संस्कृती विभागातील पुरस्कार विभागून मिळाला. या कृतींचा ओळखीचा प्रेक्षक म्हणजे प्रत्यक्ष तालमींतील माणसे. पट्टा फिरविणाऱ्याच्या पायांची जागा चुकली तर ती चूक वस्तादाच्या डोळ्यांतून सुटत नाही. अशा कृतीत वस्तूची जागा कौशल्य घेते. क्रिया अचूक आणि पुरेसा वेळ दाखविली की ती कोण करतो हे क्षणभर विसरले जाते. सावेदादांनी कुस्ती टिपली तेव्हा हेच घडले असणार.

५

ओळखीच्या प्रेक्षकाची ही बाजू मांडताना त्याची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. तो जसा जाणकार आहे तसाच तो दडपण आणणाराही आहे. ‘सावकारी पाश’ पाहणाऱ्या प्रेक्षकांत कोणाचा तरी सावकार बसलेला असणे शक्य होते; पण पडद्यावरचा सावकार कंपनीचा नट होता आणि चित्र गावोगाव फिरणारे होते. आजच्या गावच्या लघुपटात सावकार दाखवावयाचा तर त्याची भूमिका कोण करणार, चित्रण कोणाच्या वाड्यात होणार, आणि पहिल्या रांगेतील खुर्चीवर कोण बसणार, हे तिन्ही प्रश्न पटकथेच्या आधी सुटावे लागतात. उपक्रमास देणगी देणारा, पटांगण देणारा आणि बक्षीस देणारा बहुधा त्याच गावातील वजनदार माणूस असतो. परिणामी लघुपटातील अन्यायाला चेहरा उरत नाही. दोष दारूचा असतो, मोबाईलचा असतो, ‘समाजाचा’ असतो. कोणा माणसाचा नसतो. जातीविषयी बोलावयाचे तर ती कोठल्या तरी दुसऱ्या गावची असते.

उपदेशाचे वाक्य गावच्या लघुपटाच्या अखेरीस इतक्या नियमाने का येते, याचे उत्तर केवळ अपुऱ्या अभिरुचीत शोधणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. ते वाक्य पुष्कळदा एक संरक्षण असते. जे सांगावयाचे होते ते सांगता आले नाही, म्हणून जे कोणालाच टोचणार नाही ते सांगितले जाते. समीक्षकाने त्या वाक्याला हसण्यापूर्वी त्याच्या मागे काय गाळले गेले याचा शोध घ्यावा. आकाशातून ड्रोनने टिपलेले गावाचे रमणीय दृश्य हेही असेच एक गाळणे आहे. त्या उंचीवरून ऊस दिसतो, नदीचे वळण दिसते, देवळाचा कळस दिसतो. कोणाचे घर कोणत्या घरापासून किती अंतरावर ठेवले आहे ते मात्र दिसत नाही.

या दडपणातून वाट काढण्यास वस्तूची ती जुनी युक्तीच उपयोगी पडते. माणसाचे नाव घेता येत नसेल तर वस्तूचे घेता येते. गिरणी, खिसा, बादली यांच्यावर कोणी अब्रुनुकसानीचा दावा करीत नाही. आणि तरीही प्रेक्षकांतील ज्याला ओळखावयाचे तो बरोबर ओळखतो. हुपरीच्या एखाद्या घरात दिवसभर पैंजण जोडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पायांकडे कॅमेरा एकदा वळला, तर त्यापुढे संवादाची आवश्यकता राहणार नाही. ओळखीच्या प्रेक्षकापुढे सत्य बोलण्याची ही रीत भित्रेपणाची नव्हे. ध्वनीचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रकारांनी वाच्यार्थाहून व्यंग्यार्थाला श्रेष्ठ मानले त्यात कलेचा विचार होता. लोकव्यवहाराचे शहाणपणही त्यात होते.

६

यावरून गावच्या लघुपटाच्या परीक्षेसाठी तीन निकष सुचविता येतात. पहिला, तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना त्यातील काम, बोली आणि वस्तू खऱ्या वाटल्या काय? दुसरा, ओळखीचा पहिला हशा ओसरल्यावर प्रेक्षक शांत झाला काय, आणि झाला तर कोणत्या दृश्यापाशी? तिसरा, अखेरचे वाक्य काढून टाकले तर लघुपटात काही उरते काय? यांपैकी पहिले दोन निकष परीक्षकांच्या बंद खोलीत लावता येत नाहीत; त्यासाठी गावाच्या प्रेक्षकांत जाऊन बसावे लागते. पुरस्काराचे महोत्सव निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. परका प्रेक्षक कृतीचे साधारणीकरण झाले की नाही हे सांगतो. ओळखीचा प्रेक्षक ती कृती कशाचे साधारणीकरण करीत आहे हे सांगतो. दोन्ही साक्षी हव्यात. आज मात्र पहिलीलाच मोल आहे आणि दुसरी टाळ्यांच्या गजरात विरून जाते.

विद्यापीठीय अभ्यासकांचे कर्तव्य येथेच उत्पन्न होते. ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्याभोवती मेळावे, नियतकालिके आणि समीक्षा उभी राहिली; लघुपटाभोवती तसे काही अद्याप फारसे उभे राहिलेले नाही. प्रयोगानंतरची चर्चा कोणी टिपून ठेवीत नाही. प्रेक्षक कोठे हसला, कोठे गप्प झाला, कोणत्या कामगाराने कोणती चूक दाखविली, ही माहिती त्या संध्याकाळीच नाहीशी होते. कृतींचीही तीच गत. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात. त्या काळी फिती जळाल्या, कुजल्या, रुप्यासाठी विकल्या गेल्या. आजचा लघुपट एखाद्या जुन्या मोबाईलमध्ये वा बंद पडलेल्या संगणकात असतो आणि त्याहून निमूटपणे नष्ट होतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला बोलींचा, व्यवसायांच्या शब्दसंपदेचा आणि प्रेक्षकवर्तनाचा अभ्यास करावयाचा असेल, तर ही सामग्री त्याच्या हाताशी आहे. ती जमविण्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. प्रत मागून घ्यावी, कोणी कोठे कशी केली ते लिहून ठेवावे, आणि प्रयोगास स्वतः उपस्थित राहावे.

लघुपटाचा ओळखीचा प्रेक्षक हा कलेच्या मार्गातील अडथळा आहे, अशी शंका आरंभी उपस्थित केली होती. ती पूर्णतः खोटी नाही. तो खरोखरच अडथळा आहे. पण जो लघुपट त्या अडथळ्याला वळसा घालतो तो कोठेही पोहोचत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाने यंत्रमागावरील लघुपट पाहताना, आपण हा आवाज आजवर ऐकलाच नव्हता असे म्हणावे, हे त्या लघुपटाचे यश. ते यश मोजण्याचे दुसरे स्थान नाही; ते त्या खडखडाटाच्या गावातच मोजावे लागेल.